रुमालाखालचा भाव

अर्थशास्त्र शिकलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून लिहितो. माझं स्वतःचं शिक्षण मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत. मास्तरांनी मला काढलं की मी मास्तरांना सोडलं, हा वाद मिटवायला आता मास्तर राहिलेले नाहीत. पण हिशेबात मी कुणापुढं मान खाली घातली नाही. चाळीस वर्षं शुक्रवारच्या बैलबाजारात दलाली केली. सोनईच्या आसपास कुठल्या गोठ्यात केवढ्याचा बैल उभा आहे, हे मला वही न बघता सांगता यायचं. वही नव्हतीच.

नव्वदनंतरची गोष्ट. आमची मुलगी नगरला होस्टेलवर राहून बी.ए. झाली आणि घरी येऊन म्हणाली की तिला एम.ए. करायचं आहे, अर्थशास्त्रात.

"त्यात काय शिकवत्यात?" मी विचारलं.

"वस्तूची किंमत कशी ठरती ते. मागणी, पुरवठा."

"आन ते कळायला दोन वर्सं लागत्यात?"

"तुमाला किती लागली, दादा?"

"मला एक शुक्रवार पुरला."

"मग तुमी हुशार," असं म्हणून तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. पालकाची सही पाहिजे होती. मी केली. माझी सही मोठी आहे, चौकटीत मावत नाही.

नंतर मी चौकशी केली, की हे शिकलेला माणूस पुढं करतो काय. तर तो अर्थशास्त्र शिकवतो. त्याच्याकडं शिकलेले पुढं आणखी कुणाला तरी शिकवतात. कोय लावायची, झाड वाढवायचं, पुन्हा कोय काढून लावायची, आणि आंबा कुणी खायचाच नाही, असा तो सगळा उद्योग. एक ओळखीचा मुलगा एम.ए. होऊन तीन वर्षं राहुरीच्या स्टँडवर पेपर वाचत बसायचा. देशाची तूट किती हे त्याला पाठ होतं. चहाचे पैसे मात्र मी द्यायचो.

याच्या पलीकडची जात बी.कॉम.वाल्यांची. त्या दिवसांत गावोगाव पतसंस्था निघत होत्या, पिठाच्या गिरण्यांपेक्षा जास्त. काचेचं दार, आत एक पंखा, आणि पंख्याखाली एक बी.कॉम. असलाच एक श्रीरामपूरचा मॅनेजर आमच्या मंडळींनी, म्हणजे तिच्या आईनं, मुलीसाठी हेरून ठेवला होता. घर आमच्यातलंच, ख्रिस्ती, बापाची थोडी बागायत. मुलगा बघायला गेलो तर मे महिन्यात गळ्याला टाय. मला म्हणाला, "मामा, पैसा घरात पडू देऊ नका. पैसा फिरता पाहिजे."

मी म्हटलं, "बैल बी फिरता पायजे. पर फिरवनाऱ्याला आधी दात मोजता आलं पायजेत."

तो हसला. त्याला कळलं नव्हतं. तरी माणसं बरी होती आणि आमच्या मंडळी हट्टाला पेटल्या होत्या, म्हणून मी मध्ये तोडगा काढला. तिकडच्या लोकांना शब्द दिला, की एम.ए.चा निकाल लागेपर्यंत मुलीच्या हातात नोकरीचं पत्र आलं तर तिचं ती ठरवील. नाही आलं तर मुलगी तुमची. मुलीलाही हे तोंडावर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "निकालापर्यंत ना? बघू." माझ्या शब्दावर बाजारात जोड्या जायच्या, पैसे पुढच्या शुक्रवारी यायचे. त्यामुळं हा शब्द साधा नव्हता, हे तिला कळत होतं.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. बैलाचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार, ते बैलाकडं बघूनच कळतं. अर्धं सांगायचं तर बोट मधल्या पेरावर दाबायचं. मग तोच दलाल घेणाऱ्याकडं जातो, त्याच्या हातावर रुमाल टाकतो. असे फेरे होतात, आणि पटलं की दावं सुटतं. शंभर माणसं भोवती उभी असतात आणि एकालाही आकडा कळत नाही. गावात कुणाच्या ओसरीवर कुठवर जायचं, हे आमच्या लोकांसाठी आज्यापणज्यापासून ठरलेलं. पण रुमाल पडला की खाली नुसती बोटं असतात. बोटांना कुणी आडनाव विचारत नाही. म्हणून मला हा धंदा आवडला.

आणि बाहेर कुणी भाव विचारलाच, तर कुणीही खरा सांगत नाही. घेणारा कमी सांगतो, कारण पावतीची फी किमतीवर असते, आणि घरी भाऊ म्हणतो की फसलास. विकणारा जास्त सांगतो, कारण त्याला गावात मिरवायचं असतं. याला आमच्यात कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. ती बोलायची पद्धत आहे.

मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे सर बारा पोरापोरींना घेऊन आमच्या बाजारात आले. स्कूटर, गॉगल, नाकाला रुमाल. रुमालाचा तेवढाच उपयोग त्यांना माहीत होता. प्रत्येक पोराच्या हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा. बैल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, असले प्रश्न.

मी नुकतीच एक जोडी लावून दिली होती, चौदा हजारांच्या पुढंमागं. घेणारा राहुरीकडचा. एका चष्मेवाल्या पोरानं त्याला गाठलं.

"काका, जोडी केवढ्याला?"

"अकरा," तो म्हणाला. पोरानं लिहिलं.

दहा पावलांवर विकणारा उभा होता. त्याला एका पोरीनं विचारलं. तो म्हणाला, "सोळाच्या खाली दावं सोडलंच न्हाई बाई मी." तिनंही लिहिलं. पावतीवर नऊ चढले. एकाच जोडीचे तीन भाव कागदावर आले, आणि चौथा, खरा, माझ्या बोटांत. आमची मुलगी फॉर्म घेऊन कडेला उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. ती काही लिहीत नव्हती.

सर माझ्याकडं आले. जाणकार म्हणून मुलीनं ओळख करून दिली होती.

"मामा, दोनशे फॉर्म भरतोय आम्ही आज. बाजारात किंमत कशी ठरते ते यातून बाहेर येणार."

"लोक खरं सांगत्यात का पन, सर?"

"कुणी थोडं कमी सांगतं, कुणी थोडं जास्त. सरासरी काढली की चुका एकमेकींना खातात."

हे मला फार आवडलं. म्हणजे चौघं खोटं बोलले की त्यांची बेरीज करायची, चारानं भागायचं, आणि खालून खरं निघतं. एवढं सोपं असताना आम्ही उगाच बैलाचे दात बघत बसलो.

"तुमची दलाली किती असते?" त्यांनी विचारलं.

"देतील ती."

त्यांनी फॉर्मवर लिहिलं, अनिश्चित. मग एका बैलाकडं बोट करून म्हणाले, "हा तरुण दिसतो." बैलाचे सगळे दात जुळून पाच-सहा वर्षं झाली असतील, म्हणजे वय उताराला लागलेलं. मालकानं बाजारासाठी शिंगं घासून लाल रंगवली होती, ती बघून सर बोलले. मी मान हलवली. शिकलेल्या माणसाला मी बाजारात कधी दुरुस्त करत नाही, गिऱ्हाईक तुटतं.

या सरांना कुठून तरी मोठ्या पाहणीचं काम मिळालं होतं. त्यात पगारी एक जागा होती, दोन वर्षांची. मुलीला त्यांनी सांगितलं होतं, की बाजारावरचा तुझा प्रकल्प नीट झाला तर जागा तुझी, पत्र निकालाआधी हातात. तिच्यापुढं दुसरी कुठलीच नोकरी नव्हती. म्हणजे एकतर ती जागा, नाही तर श्रीरामपूर.

त्या रविवारी उपासनेहून आल्यावर तिनं सगळे फॉर्म बाजेवर पसरले.

"दादा, यातला एक तरी आकडा खरा हाय का?"

"गावाचं नाव खरं हाय."

"मग खरं तुमी सांगा. नावं न्हाई लिहिनार मी. निस्ते आकडे. तुमाला सगळे पाठ हायेत."

"रुमालाखालचं तोंडावर येत न्हाई."

"मी तुमची लेक हाय."

"म्हनून तर न्हाई. लेकीनं लिवलं म्हंजी बापानंच सांगितलं असं हुतंय."

"माजी नोकरी हाय ह्याच्यावर. तुमीच शब्द देऊन बसलाय तिकडं."

"मग शोध की. एवढी शिकलीस."

आतून तिची आई म्हणाली, "सांगा की दोन आकडे. दवाखान्यात काय डाक्टरला सांगत न्हाई मानूस?"

"डाक्टर कागदावर छापून वाटत न्हाई," मी म्हटलं आणि बाहेर पडलो.

हे बोललो ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. आता लिहायलाच बसलो आहे तर तेही लिहितो. खरा आकडा एक नसतो. विकणाऱ्याच्या बोटांना मी जो सांगतो आणि घेणाऱ्याच्या बोटांना जो सांगतो, त्यांच्यात थोडी फट असते, आणि पैसेही माझ्याच हातून जातात. ती फट दलालाची. वर मिळते ती दलाली वेगळी. सगळे दलाल हे करायचे, मीही करायचो, आणि आमची कौलं, मुलीचं होस्टेल, सगळं त्या फटीतून आलेलं होतं. माझ्याकडून खरे आकडे घ्यायचे म्हणजे जोडीमागं दोन घ्यावे लागले असते.

मुलीनं मला पुन्हा विचारलं नाही. ती बाजारातही आली नाही. दर सुट्टीच्या दिवशी वही घेऊन एस.टी.नं नाही तर दुधाच्या टेम्पोनं निघायची आणि संध्याकाळी पाय धुळीनं पांढरे करून यायची. मला वाटलं, मैत्रिणींकडं जाते. दोनअडीच महिन्यांनी कळलं. फॉर्मवरची गावं धरून ती ज्यांनी बैल घेतले त्यांच्या घरी जात होती, आणि पुरुष रानात असताना बायकांना विचारत होती. बैल आणायला घरातून किती पैसे गेले, हे त्या बाईला माहीत असतं, कारण डब्यातून नोटा मोजून देणारी तीच. मग ज्यांनी विकले त्यांच्या घरी जायची आणि तिथल्या बाईला विचारायची, की घरात किती आले. ठेवून घेणारीही तीच असते. दोन्हीकडच्या बायकांना खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. बैलबाजारात बाईला कुणी भाव विचारत नाही, त्यामुळं खोटं बोलायची त्यांना सवयच लागली नव्हती. उलट चहा करून सांगायच्या.

तिनं एका दुपारी मला प्रकल्पातलं त्यावरचं प्रकरण वाचून दाखवलं. पुस्तकी भाषा. खरेदीदाराच्या घरून निघालेली रक्कम आणि विक्रेत्याच्या घरी पोचलेली रक्कम यांत दर जोडीमागं फरक आढळतो, आणि पाहणीतल्या फॉर्मांवरचे भाव या दोन्हींशी जुळत नाहीत. मी ऐकून घेतलं.

"माजं नाव घातलं?"

"न्हाई. निस्तं दलाल म्हनलंय."

"राहुरीवाल्याच्या घरी गेल्तीस?"

"गेल्ते. आन ज्यानं विकली त्याच्या बी."

"किती निघाला फरक?"

तिनं सांगितला. बरोबर होता, पैशापर्यंत. मी उठून गोठ्यात गेलो. या कामाला एम.ए. कशाला पाहिजे होतं, ते मला आजही कळलेलं नाही. कुठल्याही दोन बायका एका विहिरीवर भेटल्या असत्या आणि त्यांना हे बोलायचं सुचलं असतं, तर आमचा धंदा माझ्या आज्याच्या काळातच बसला असता.

पंधरा दिवसांनी सर आमच्या घरी आले. दुपारची वेळ, मी जनावरांना पाणी दाखवून आलो होतो. मुलगी घरातच होती. सरांनी खुर्चीवर हात फिरवून धूळ बघितली आणि बसले. चहा आला. त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला.

"मामा, मुलगी हुशार आहे तुमची. पण एक घोळ केलाय तिनं. माझा निबंध पुण्याला परिषदेत जातोय, दोनशे फॉर्मांवरचा. आणि हिच्या प्रकल्पात लिहिलंय की ते भावच खोटे. एकाच कॉलेजातून दोन तऱ्हा कशा जायच्या?"

"मग?"

"तुम्ही बाजारातले जुने दलाल. या कागदावर एवढंच लिहिलंय, की पाहणीतले भाव बाजाराशी साधारण जुळतात, असं तुम्ही अनुभवावरून सांगता. हे जोडलं की तिचं ते एक प्रकरण काढून टाकता येईल. बायकांनी सांगितलेल्या आकड्यांवर प्रकल्प होत नसतो. जागा तिचीच आहे, पत्र तयार आहे. उगीच पोरीचं नुकसान नको."

असं म्हणून त्यांनी खिशातून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि माझ्या उजव्या हाताशी ठेवला.

मी पॅडकडं बघितलं. मुलगी दारात उभी होती. तिनंही बघितलं.

"मला सही येती, सर."

"हो का? उत्तमच. मग सही करा."

चाळीस वर्षांत माझ्यापुढं असा सौदा आला नव्हता. सही केली की मुलीला नोकरी, श्रीरामपूरचा विषय संपला, आणि आमची फट उघडी करणारं प्रकरणही गेलं. दोन्ही टोकं माझीच. मी मुलीला म्हटलं, "तुजं काय म्हननं?"

"कागद तुमच्या नावाचा हाय, दादा. मी काय सांगू?"

"सर," मी विचारलं, "त्या बायांनी सांगितलेले आकडे खोटे हायेत का?"

"खोटे असं नाही. पण ती पद्धत शास्त्रीय नाही."

"आन तुमचे आकडे खोटे हायेत, पर शास्त्रीय हायेत."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "मामा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"न्हाई कळत. आमी तोंडानं खरं कुनाला सांगत न्हाई, पर खोट्यावर सही बी करत न्हाई. एवढ्या दोन गोष्टींवर माजा धंदा चाललाय. तिनं लिवलंय ते राहू द्या. दलाल मधलं खात्यात, ते बी राहू द्या. खातो आमी."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, तेही एका प्रोफेसरापुढं. आमच्या मंडळी आतून येऊन दाराला टेकल्या होत्या, त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि परत आत गेल्या.

"मुलीचा विचार करा," सर म्हणाले.

"तिचा ती करती. तुमी चहा घ्या, गार हुतोय."

त्यांनी घेतला नाही. पॅडचं झाकण लावताना त्यांच्या बोटाला शाई लागली, ती पुसायला त्यांनी नाकाचा रुमाल काढला. स्कूटर दोनदा किक मारल्यावर सुरू झाली.

जागा त्या चष्मेवाल्या पोराला मिळाली, अकरा हजार लिहिणाऱ्या. सरांचा निबंध पुण्यात वाचला गेला आणि म्हणे टाळ्या पडल्या. पडणारच. तिथं बसलेल्यांपैकी एकानं तरी बैल विकत घेतला असता, तर हसायला तरी आलं असतं. मुलीला सेकंड क्लास मिळाला, प्रकल्पाचे मार्क कमी. निकालाचा दिवस झाला आणि हातात पत्र नव्हतं.

माझा शब्द होता, आणि त्याची कुणी मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. आमच्या मंडळींनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्यांची माणसं रविवारी येत्यात." मी शनिवारी सकाळच्या एस.टी.नं श्रीरामपूरला गेलो. एकटाच.

मॅनेजर, त्याचा बाप, चुलता, सगळे घरी होते. मी बसलो नाही. म्हटलं, "शब्द मोडायला आलोय. मुलगी देत न्हाई."

"नोकरी लागली का?" बापानं विचारलं.

"न्हाई."

"मग ठरल्याप्रमाणं आमची झाली की."

"व्हय. म्हनून तर सोता आलो. चूक माजी हाय."

मॅनेजर म्हणाला, "कारण तरी सांगा, मामा." कारण माझ्याकडं होतं. तिची नोकरी माझ्या सहीवर अडली होती, आणि ती सही मी केली नव्हती. तोटा माझ्यामुळं झाला होता, तिच्याकडून तो वसूल करायला मला तोंड नव्हतं. पण हे त्या टायवाल्याला सांगून काय होणार.

बाप म्हणाला, "दलालाचा शब्द. आमीच येडे."

एरवी असं बोलणाऱ्याला मी दोन बाजार पुरतील एवढं सुनावलं असतं. त्या दिवशी ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडायची मला हौस नाही.

घरी आलो तेव्हा मुलगी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"काय म्हनले?"

"म्हनायचं ते म्हनले. मिटलं ते."

तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "आता?"

"आता कुठली तरी परीक्षा दे. बँकेची, सरकारची, कसली बी. दीड वर्स देतो."

"दीड पुरत न्हाई. दोन द्या."

"दीड."

"दोन. आन फॉर्मची फी, आन पुस्तकं."

"दोन वर्सं कशाला लागत्यात?"

"पहिल्या खेपेला कुनी पास हुत न्हाई, दादा."

मी दोन दिली. फी दिली, पुस्तकंही दिली. बैलाच्या सौद्यात एवढं मी कधी सोडलं नव्हतं. ती दोनदा परीक्षेला बसली आणि अठराव्या महिन्यात बँकेचं पत्र आलं, म्हणजे माझं दीडच बरोबर होतं. अर्थशास्त्राची एम.ए. असून ती हे अजून मान्य करत नाही.